पार्टिशनपलीकडच्या बाई

आमच्या कंपनीत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत. युरोपातल्या मुख्यालयात बसणारा मोठा साहेबही त्याला अपवाद नव्हता. कालपरवा नोकरीला लागलेली पोरं त्याला नुसत्या नावाने मेल पाठवत आणि तो त्यांना गोड उत्तर देई. एवढ्या सगळ्या समानतेत फक्त बाई तेवढ्या 'बाई' होत्या. त्यांना कुणी नावाने हाक मारली तर त्या मानच वर करत नसत. "नावानं मला माझी आई हाक मारायची, आणि ती आता नाही," असं त्यांनी रुजू झाल्या त्याच दिवशी टीम लीडरला ऐकवलं. तेव्हापासून तो बिचारा बाई म्हणू लागला, त्याचं ऐकून सगळा मजला म्हणू लागला, आणि हळूहळू कॅनडा, नायजेरिया, स्कॉटलंड आणि आखातसुद्धा त्यांना बाई म्हणू लागलं. मी त्या कंपनीत बाईंच्या आधी लागले होते. माझं नाव स्कॉटलंडला शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही.

मला बाईंचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'किती मायेनं लिहिलंय' वगैरे म्हणायला नको.

कंपनी होती तेलाची आणि वायूची. विहिरी कुठे समुद्रात, कुठे वाळवंटात, कुठे बर्फात, आणि आम्ही नगर रोडवरच्या काचेच्या इमारतीत. आमच्या विभागाचं काम एवढंच, की जगाच्या कुठल्या भागात कंपनीची किती माणसं आहेत, किती वाढली, किती सोडून गेली, पुढे कुठे किती लागतील, याचा अहवाल दर महिन्याला मुख्यालयाला पाठवायचा. माझी या विषयातली पदवी होती, पहिल्या वर्गातली. बाईंनी तोपर्यंत जन्मभर भूगोल शिकवला होता.

त्या सदाशिव पेठेतून स्कूटरवर येत. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि एसीचा राग म्हणून ऐन मे महिन्यात अंगात स्वेटर. एका ज्युनिअर कॉलेजात त्या शिकवत असताना कॉम्प्युटरचं वारं आलं, कला शाखेला मुलं मिळेनात, तुकडी बंद पडली आणि बाई 'अतिरिक्त' ठरल्या. हा शिक्षण खात्याचा शब्द. अतिरिक्त शिक्षकाला कुठल्या तरी लांबच्या शाळेत पाठवतात. बाई गेल्या नाहीत. पेपरातली जाहिरात बघून आमच्याकडे आल्या आणि इंग्रजी मसुद्याच्या परीक्षेत पहिल्या आल्या. कंपनीत एखाद्या देशातली माणसं कमी करायची ठरली, की त्यासाठी एक गुळगुळीत इंग्रजी शब्द वापरायची पद्धत होती. बाई तो कधी वापरत नसत. "अतिरिक्त म्हण," त्या मला सांगत. "माणूस तोच, खडू तोच, फक्त समोरचे बाक उचलून नेलेले. मला माहितीये ते."

कॉलेजने निकालात काढलेला जगाचा नकाशा त्यांनी येताना सोबत आणला होता. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला. तो त्यांच्या जागेच्या मानाने फारच रुंद होता, त्यामुळे पार्टिशन ओलांडून त्याची एक कड माझ्या बाजूला यायची. आखात, आफ्रिका, सगळी जमीन बाईंकडे आणि माझ्या डोक्यावर पॅसिफिक महासागर लोंबत असे. मी एकदा तक्रार केली. "नुसतं पाणी तर आलंय तुझ्याकडे, त्याचा कसला त्रास?" बाई म्हणाल्या. मला त्रास त्याचाच होता.

माझ्या खुर्चीबद्दलही आताच सांगायला हवं. ती करकरायची. मी सरळ बसले की गप्प असे, पण पार्टिशनकडे जरा कलले की करकर असा मोठा आवाज करी. मी दोनदा प्रशासन विभागाला कळवलं. माणूस आला, बघून गेला, परत काही आला नाही. "तेलाच्या कंपनीत खुर्चीला तेल मिळेना," बाई पलीकडून म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "राहू दे गं, मला आता सवय झालीय."

मी पार्टिशनकडे कलत असे ती बाईंचे फोन ऐकायला. त्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळा मजला एकमेकांचं ऐकत असे. पण मी शिकायला ऐकायचे नाही. या बाईत असं आहे काय, ते मला शोधून काढायचं होतं. आमचं काम साधं होतं. त्या त्या देशातल्या कचेरीला फोन करायचा, महिन्याचे आकडे मागायचे, शंका असेल ती विचारायची आणि फोन ठेवायचा. बाई आकडे मागतच नसत. त्या फोन उचलल्या उचलल्या विचारत, "हवा काय म्हणते?" वर्गात बोलावं तसं स्वच्छ, संथ इंग्रजी. समोरचा म्हणे पाऊस आहे, धूळ आहे, बर्फ आहे. मग बाईंचा दुसरा प्रश्न, "आणि लोक तिचं काय करतात?" यानंतर बाई फक्त ऐकत. मधूनच "हं" म्हणत. त्यांचे ते "हं" मी मोजायचे नाही, पण कंटाळून जाईपर्यंत ऐकायचे. फोन संपला की बाईंना ठाऊक झालेलं असे, की कॅनडातला अमुक इंजिनिअर आईच्या आजारपणापायी गाव सोडणार, नायजेरियातल्या कचेरीत नव्या साहेबावर सगळे चिडलेत आणि दोघे-तिघे दुसरीकडे मुलाखती देऊन आलेत. आकडे ते लोक नंतर आपणहून पाठवत.

मीही करून पाहिलं. स्कॉटलंडच्या कचेरीतल्या बाईला विचारलं, हवा काय म्हणते?

"पाऊस," ती म्हणाली.

"आणि लोक त्याचं काय करतात?"

"छत्री घेतात. तुला आकडे हवे आहेत ना?"

पार्टिशनपलीकडे बाई खोकल्या. तो खोकला खरा नव्हता असं माझं आजही मत आहे.

एका वर्षी आखातातून लागोपाठ राजीनामे आले. पगार उत्तम, बढत्या वेळेवर, तरी मुरलेली माणसं सोडून चालली होती. मुख्यालयाने कारण विचारलं. मी रात्रंदिवस खपून पगारांची तुलना केली, वयाचे गट पाडले, रंगीत आलेख काढले. बाईंनी माझा अहवाल वाचला आणि त्यांच्या सवयीप्रमाणे लाल पेन्सिलीने समासात शेरा मारला, 'पद्धत छान. उत्तर नाही.' मग चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, हे सोडून जाणारे आपलेच लोक आहेत ना बहुतेक? त्यांच्या मुलांची वयं बघ. मुलाची बारावी झाली की तो कॉलेजसाठी भारतात येतो. मुलामागे आई येते. आई गेली की वडलांच्या जेवणाचे हाल. वर्षभर कसंबसं काढतात आणि राजीनामा देतात. हे पगारानं थांबणार आहे होय?"

मुख्यालयाने ते वाक्य जसंच्या तसं अहवालात घातलं आणि आखातातल्या बदल्यांचं धोरण त्यावरून बदललं. सगळ्यांनी बाईंना शाबासकी दिली. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, कारण माझी सख्खी मावशी मस्कतला होती आणि तिच्या घरी अगदी हेच झालं होतं. मावसभाऊ फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉस्टेलात, मावशी त्याच्यासाठी पुण्यात आणि काका तिकडे ब्रेड खात बसलेले. मला हे सगळं माहीत होतं! दर दिवाळीत आम्ही काकांच्या ब्रेडवर हसायचो. माझ्या घरातली गोष्ट माझ्या अहवालात मला सुचली नाही, आणि त्या बाईला, जिचं आखातात चिटपाखरू नव्हतं, तिला सुचली. दुसऱ्याकडे असलेली वस्तू बघून माणूस जळतो ते समजू शकतं. मी आपल्याच वस्तूसाठी जळत होते.

एका रविवारी बाई मला स्कूटरवर मागे बसवून मार्केट यार्डात घेऊन गेल्या. त्या लिंबं पोत्याने घेत आणि लोणचं घालून इमारतभर वाटत. पण खरेदी हे निमित्त. त्यांचा सगळा वेळ हमालांशी बोलण्यात जाई.

"कुठले तुम्ही?" त्यांनी एकाला विचारलं.

"माणचा हाय, बाई."

"औंदा तुमच्याकडची बरीच मंडळी दिसताहेत."

"पाऊसच न्हाई तर काय करतील? धाकला भाऊ बी आलाय. म्होरल्या म्हैन्यात मेव्हणा येतुय."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पेपरात हे दोन महिन्यांनी येईल. बघशील तू." त्याने बाईंचं पोतं उचलून थेट स्कूटरपर्यंत आणून दिलं. मी घेतलेली कांद्याची पिशवी माझी मीच वाहिली. त्या माणसानेही त्यांना विचारल्याशिवाय बाईच म्हटलं होतं, हे माझ्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही.

आता मूळ दुखण्यावर येते.

माझ्या वडलांचं नारायण पेठेत स्टेशनरीचं छोटं दुकान होतं. त्या काळात आमच्या पेठेत घराआड एक तरी मूल परदेशी गेलेलं असे. गिऱ्हाईक दुकानात लिफाफा घ्यायला येई आणि मुलाचं गाव, तिथली गाडी, तिथला बर्फ सगळं सांगून जाई. बाबा ऐकून घेत, सुट्टे पैसे देत, आणि "आमची पण कंपनी परदेशीच आहे हो," असं म्हणत. त्या 'पण'ने माझा जीव तुटायचा. अशात मुख्यालयाने कळवलं, की पुण्यातून एक माणूस तीन वर्षांसाठी तिकडे हवा आहे. सगळ्या प्रदेशांच्या मनुष्यबळाचं नियोजन त्याने तिथे बसून करायचं. मला वाटलं, ही जागा माझ्यासाठीच निघालीय. मी शनिवार-रविवार जर्मनच्या क्लासला जात होते. आमचं मुख्यालय होतं त्या देशात जर्मन बोलत नाहीत, पण जवळपास होईल असा माझा हिशेब होता. बाबांनी तर दुकानात सांगूनही टाकलं.

निवडीच्या आधी मोठा साहेब स्वतः पुण्याला आला. मी नवी रेशमी साडी नेसले होते, सादरीकरण तोंडपाठ केलं होतं. तो लिफ्टमधून बाहेर आला आणि त्याचा पहिला प्रश्न होता, "बाई कुठे बसतात?"

बाईंनी त्याला नकाशासमोर उभं केलं. तोंडी परीक्षेला करावं तसंच. म्हणाल्या, "तुमच्या कागदावर युरोप, अरबस्तान आणि सगळी आफ्रिका हा एकच प्रदेश आहे. मला इथे एका हाताने झाकून दाखवा." साहेब उंच होता, त्याचे पंजेही मोठे होते, तरी त्याला ते जमेना. पंजा नॉर्वेवर ठेवला की बोटं नायजेरियापर्यंत पोचेनात. "एका हातात मावत नाही ते एका खात्यात कसं मावेल?" बाई म्हणाल्या, "माझ्या अकरावीतल्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर दहापैकी तीन दिले असते." साहेब मोठ्यांदा हसला आणि तीनचे चार होतील का म्हणून विचारू लागला. माझं सादरीकरण जेवणानंतर ढकललं गेलं. पुरणपोळी खाल्लेला साहेब पहिल्या आलेखापर्यंत जागा होता.

पुढच्या आठवड्यात जागा बाईंना देऊ केल्याचं पत्र आलं. मी आजारी असल्याचं कळवून दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर बाईंनी नकार दिला होता. कुणी कारण विचारलं की त्या नकाशाकडे बोट दाखवत. "इथून सगळं जग दिसतं. तिथे गेले तर एक गल्ली दिसेल. आणि ती मला चढाची लागली तर?"

त्यानंतर ते पत्र मला आलं.

बाबांनी पेढे वाटले. आईने सुटकेसवर लाल रिबन बांधली. सगळे खूश होते आणि मी आतल्या आत धुमसत होते. मिळालं ते बाईंनी नको म्हटलेलं! ज्याच्यासाठी मी जीव टाकत होते, ते त्यांनी पानातल्या नावडत्या भाजीसारखं कडेला सारलं होतं. निघायच्या दिवशी त्यांच्या जागेपाशी गेले तर त्यांनी लोणच्याची बरणी दिली. "तिकडचं जेवण अळणी असतं म्हणे," एवढंच म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला, पण मनापासून नाही केला.

मुख्यालय बंदराच्या गावात होतं. पहिल्या दिवशी ज्याने ज्याने हात मिळवला, त्याने त्याने विचारलं, बाई कशा आहेत? लिफ्टमध्ये विचारलं, जेवणाच्या रांगेत विचारलं. सातासमुद्रापार येऊनही मी त्यांच्या पार्टिशनच्या अलीकडेच होते. मोठ्या साहेबाने मला माझी जागा दाखवली. खिडकीतून जहाजं दिसत होती. त्याच्या खोलीत भिंतीवर बाईंनी लाल पेन्सिलीने गुण दिलेला तो प्रदेशांचा कागद चौकटीत घालून टांगला होता.

"तुमची निवड कशी झाली ते तुम्हाला बाईंनी सांगितलं का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही. त्यांनी नकार दिला म्हणून झाली असेल.

"नकार दिल्यावर मीच त्यांना विचारलं, मग कुणाला घेऊ? त्या म्हणाल्या, माझ्या शेजारी एक मुलगी बसते. माझा फोन लागला की तिची खुर्ची करकरते. सगळी वर्षं करकरत आलीय. मजल्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, ऐकणारी ती एकटी आहे. तिला न्या."

माझे कान तापले. बाईंना पहिल्यापासून माहीत होतं. मी जळत होते ते माहीत होतं की नाही कोण जाणे, पण मी ऐकत होते ते माहीत होतं, आणि माझ्या त्या जळक्या ऐकण्यातलं जे बरं होतं तेवढंच त्यांनी उचलून पुढे पाठवलं होतं. म्हणजे माझा एकमेव गुणसुद्धा माझ्याआधी त्यांनाच सापडला होता. मला त्यांचा इतका राग आला, की संध्याकाळी लोणच्याची बरणी उघडली तेव्हा मी मुद्दाम एकच फोड घेतली.

दिवाळी तिथे कामाच्या दिवशी आली आणि गेली. त्याच सुमारास तेलाचे भाव पडले आणि बैठकांमध्ये वेगळी भाषा सुरू झाली. कुठल्या प्रदेशात किती माणसं जास्त आहेत, त्याचा आराखडा मी करायचा होता. एका बैठकीत कुणीतरी पडद्यावरच्या आलेखाकडे बोट करून म्हणालं, पुण्याचा खांब जरा जास्तच उंच झालाय. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली असेन.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन लावला. आकडे मागायचे होते, दुसरं काही नाही.

"बोल," पलीकडून बाई म्हणाल्या. "हवा काय म्हणते?"

स्कॉटलंडच्या बाईसारखं एका शब्दात उत्तर द्यायचं, असं मी आधीच ठरवलं होतं. "थंडी आहे," मी म्हटलं.

"आणि लोक तिचं काय करतात?"

"घरी जातात," मी म्हटलं. आणि मग मला थांबताच येईना. दुपारीच अंधारून येतं, लोक घरी जातात आणि दारं लावून घेतात, कुणी कुणाकडे जात नाही. मी खोलीवर येऊन भात लावते आणि कुकरची शिट्टी झाली की बरं वाटतं, तेवढाच घरचा आवाज. बाबांना मी सगळं छान आहे म्हणून सांगते, ते दुकानात तसंच सांगतात. आणि बाई, इथे पुण्याचा खांब उंच झालाय असं म्हणतात, तो मीच कापायचाय, आणि त्यात तुमचीही जागा येईल. मी हे सगळं बोलले. आईला सांगितलं नव्हतं ते बोलले. बाई मधूनच "हं" म्हणत होत्या. इतकी वर्षं तो हुंकार मी पार्टिशनच्या अलीकडून ऐकला होता. तो या टोकाला कसा ऐकू येतो ते मला तेव्हा कळलं.

"रडून झालं की आकडे घे," बाई म्हणाल्या. "मी खरे देते, तू खरेच लाव. माझ्यासाठी इकडचे तिकडे करू नकोस. मी एकदा अतिरिक्त झालेय. पहिल्या वेळेलाच काय ते जड जातं."

मी नाक ओढलं. कागद पुढे घेतला. तेवढ्यात बाईंच्या आवाजामागून, लांबून पण स्पष्ट, करकर असा आवाज आला.

मी ओळखला. कुठेही ओळखला असता.

"खुर्चीला तेल नाही मिळालं अजून?" मी विचारलं.

"छे गं. नवी मुलगी बसते आता तिथे," बाई म्हणाल्या, आणि मग जरा आवाज चढवून, पलीकडे ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चुणचुणीत आहे."

बाहेर जहाजं उभी होती आणि अंधारून आलं होतं. पुण्यात त्या खुर्चीवर बसलेल्या मुलीच्या डोक्यावर पॅसिफिक लोंबत असणार, आणि तिला बाईंचा आवाज रोज ऐकायला मिळणार होता. मला तिचं नावही माहीत नव्हतं. पण त्या मुलीवर मी जशी जळले, तशी उभ्या जन्मात बाईंवरसुद्धा जळले नव्हते.